निकेल आरशासारखं, पण क्रोम दुधाळ: वारंवार येणाऱ्या ढगाचं मूळ कसं शोधायचं

विजेने निकेलचा मुलामा चढवणाऱ्या टाकीतून पितळी नळ बाहेर येतो तेव्हा त्यात चेहरा दिसतो. तोच नळ क्रोममध्ये तीन मिनिटं जाऊन आला की मानेखाली, जिथे पितळ आत वळतं तिथे, अंगठा टेकवावा एवढा पांढरट ढग दिसतो. कापडाने पुसून तो जात नाही, बफ मारला तरच जातो. आज पाच जॉबवर (मुलाम्याला आलेल्या वस्तूंवर), उद्या अख्ख्या जिगवर (वस्तू टांगायच्या चौकटीवर), परवा एकावरही नाही. मग कोणी क्रोमिक ॲसिड वाढवतं, कोणी सल्फ्युरिक ओततं, दोन दिवस काम बरं निघतं आणि पुन्हा तोच ढग.

हा दोष पुन्हा पुन्हा येतो कारण औषध चुकीच्या टाकीत पडतं. दुधाळ क्रोमचं कारण बऱ्याचदा क्रोमच्या सोल्युशनमध्ये नसतंच. ते निकेलच्या पृष्ठभागात असतं, जिगच्या बोटांत असतं, नाहीतर टाकीला डीसी करंट देणाऱ्या रेक्टिफायरमध्ये. म्हणून सोल्युशनला हात लावायच्या आधी खालच्या क्रमाने तपासा. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो.

आधी थर किती पातळ आहे ते लक्षात घ्या

सजावटीचं क्रोम म्हणजे जेमतेम ०.२५ ते ०.५ मायक्रॉन. आयएसओ १४५६ या मानकात साध्या क्रोमला किमान ०.३ मायक्रॉन धरलंय. त्याखाली निकेल १० ते ४० मायक्रॉन असतं. चकाकी निकेलची, क्रोम फक्त निळसर छटा, कडकपणा आणि न काळवंडण्याचा गुण देतं. (पिस्टन रॉडवरचं हार्ड क्रोम वेगळं. ते दहा-वीस मायक्रॉनपासून शेकडो मायक्रॉनपर्यंत जातं आणि त्याचे दोषही वेगळे.)

साध्या हेक्झा बाथची, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमिक ॲसिडच्या टाकीची, कार्यक्षमता १० ते २० टक्के. उरलेला करंट हायड्रोजन काढण्यात जातो. १२ टक्के धरले तर दर चौरस डेसिमीटरला १२ ॲम्पिअर आणि ३ मिनिटं या हिशेबाने साधारण ०.३ मायक्रॉन क्रोम बसतं. एवढ्या पातळ थराला खालचा पृष्ठभाग जसा मिळेल तसा तो दिसतो. निकेलवर डोळ्याला न दिसणारी पॅसिव्ह (पुढचा थर नीट धरू न देणारी) फिल्म असेल, तर क्रोम तिथे वेगळ्या कणांनी बसतं आणि उजेड विखुरतं. तोच आपला ढग.

ढग कुठे आहे ते वाचा

एका जिगचे सगळे जॉब ज्या क्रमाने लटकले होते त्याच क्रमाने टेबलावर मांडा. सुटा जॉब हातात घेऊन पाहिलं तर अर्धी माहिती हरवते.

ढग कडांवर आणि टोकांवर असेल, करडा आणि हाताला खरखरीत लागत असेल, तर ते जळणं आहे. करंट जास्त किंवा टाकी थंड. ढग खोलगट भागात असून त्याच्या काठाला पिवळसर-तपकिरी किंवा इंद्रधनुषी कड असेल, तर क्रोम तिथवर नीट पोचलेलं नाही, आणि हा प्रश्न बहुधा सोल्युशनमधल्या प्रमाणाचा आहे. जिगवरचे चारच जॉब खराब आणि प्रत्येक खेपेला वेगळे चार, तर सरळ काँटॅक्ट बघा. सगळेच जॉब सारखे दुधाळ असतील, तर रेक्टिफायर नाहीतर तापमान. भोकातून किंवा शिवणीतून खाली ओघळल्यासारखी रेघ असेल, तर आत अडकलेलं सोल्युशन बाहेर येतंय. आणि शेजारच्या जिगकडे तोंड असलेल्या बाजूलाच ढग दिसत असेल, तर बायपोलर परिणामाचा संशय घ्या. चालू जिगच्या जवळून नवा जिग करंटशिवाय आत उतरला की त्याची एक बाजू ॲनोडसारखी वागते आणि निकेल तिथे पॅसिव्ह होतं.

शेवटच्या दोषावर उपाय एकच: जॉब आत जातानाच कमी व्होल्टेजचा करंट चालू हवा, आणि मग तो पूर्ण चढवायचा. बंद करंटवर निकेल क्रोमिक ॲसिडमध्ये काही सेकंद जरी उभं राहिलं तरी ते पॅसिव्ह व्हायला लागतं.

निकेल की क्रोम? दहा मिनिटांची परीक्षा

निकेल झालेला, चांगला धुतलेला एक जॉब घ्या. त्याचा अर्धा भाग ओल्या मॅग्नेशियम ऑक्साइडने किंवा व्हिएन्ना लाइमने मऊ कापडावर हलक्या हाताने घासा, धुवा आणि वाळू न देता लगेच क्रोममध्ये टाका. घासलेला भाग स्वच्छ आला आणि न घासलेला दुधाळ, तर क्रोमची टाकी निर्दोष आहे. दोष निकेलवरच्या फिल्मचा आहे.

हीच गोष्ट हल सेलमध्ये, म्हणजे तिरक्या पॅनलच्या छोट्या चाचणी टाकीत, आणखी पक्की होते. २६७ मिलिलिटरच्या सेलमध्ये आपलंच क्रोम सोल्युशन कामाच्या तापमानाला घ्या. एक पॅनल पॉलिश केलेल्या पितळेचं, दुसरं आपल्या टाकीतून निकेल करून आणलेलं. दोन्ही ५ ॲम्पिअरवर ३ मिनिटं चालवा. पितळेवर थेट क्रोम बसतं, त्यामुळे निकेल मधून वगळलं जातं. पितळेचं पॅनल स्वच्छ आणि निकेलचं ढगाळ आलं, तर पुढचा शोध निकेलच्या टाकीत.

निकेल पॅसिव्ह का होतं

सगळ्यात साधं कारण म्हणजे वेळ. निकेल आणि क्रोमच्या मध्ये जिग हवेत टांगून ठेवला, जेवणाची सुट्टी झाली, होइस्ट अडकला, आणि जॉब वाळला. वाळलेला जॉब कधीच थेट क्रोममध्ये नेऊ नका. ५ ते १० टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये डिप द्या, अर्धा मिनिट पुरतो. फिल्म हट्टी असेल तर त्याच ॲसिडमध्ये जॉब कॅथोड करून दर चौरस डेसिमीटरला १ ते २ ॲम्पिअर द्या. मग दोन पाणी (दोनदा धुणं), आणि शेवटी ५ ते २० ग्रॅम प्रति लिटरच्या क्रोमिक ॲसिडची प्री-डिप. या ॲसिड डिपला, म्हणजे ॲक्टिव्हेशनला, हायड्रोक्लोरिक वापरू नका, त्यातून क्रोमच्या टाकीत क्लोराइड जातं. ते काय करतं, ते क्लोराइडच्या भागात येईल.

दुसरं कारण ब्राइटनरचा अतिरेक. निकेल लवकर चमकावं म्हणून दुसऱ्या वर्गाचं (क्लास टू, आरशासारखी चकाकी देणारं) ब्राइटनर वाढवत गेलं की थर ठिसूळ होतो आणि पृष्ठभागावर सेंद्रिय फिल्म धरते. वॉट्स बाथमध्ये (निकेलच्या नेहमीच्या सोल्युशनमध्ये) निकेल सल्फेट २५० ते ३०० ग्रॅम, निकेल क्लोराइड ४५ ते ६०, बोरिक ॲसिड ३५ ते ४५ ग्रॅम प्रति लिटर, पीएच ३.८ ते ४.५ आणि तापमान ५० ते ६० अंश ठेवा. पीएच ४.६ च्या वर सरकला आणि बोरिक पस्तिशीखाली आलं की ढगाला निमंत्रणच. ब्राइटनर जास्त झाल्याचं हल सेलवर दिसलं, तर २ ते ४ ग्रॅम प्रति लिटर कार्बन ट्रीटमेंट करा. कार्बन ब्राइटनरसोबत वेटिंग एजंटही (जॉबला बुडबुडे चिकटू न देणारा घटक) ओढून घेतं. ते पुन्हा घालायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी ढगाऐवजी पिटिंग (बारीक खड्डे) घेऊन बसाल.

खोलगट भागात निकेलच काळपट येत असेल, तर तांबं किंवा जस्त शिरलंय. नळाच्या कामात ते नेहमीचंच, कारण जिगवरून पडलेले पितळी जॉब टाकीच्या तळाशी विरघळत राहतात. चुंबकाला पितळ लागत नाही, म्हणून जाळीने तळ साफ करा आणि मग ०.२ ते ०.५ ॲम्पिअर प्रति चौरस डेसिमीटरवर कोरुगेटेड पत्र्याची डमी मारा, म्हणजे जॉबऐवजी तो पत्रा टांगून भेसळ त्यावर चढू द्या.

जिग आणि रेक्टिफायर

जिगची बोटं जवळून बघा. टोकांवर फुलकोबीसारखी निकेलची गाठ चढलेली दिसली, तर जॉब त्या गाठीच्या एका बिंदूवर टेकलेला असतो. निकेलच्या ३ ते ५ ॲम्पिअरला तो बिंदू कसाबसा पुरतो. क्रोमला तिप्पट-चौपट करंट लागतो, तेव्हा तो तापतो, क्षणभर सुटतो आणि पुन्हा लागतो. करंट तुटून परत जोडला गेला की पहिल्या पातळ क्रोमवर दुसरं क्रोम दुधाळच बसतं. गाठी स्ट्रिप करा, स्प्रिंग सैल झालेली बोटं बदला. बसबारवरचं (करंट आणणाऱ्या पट्टीवरचं) खोगीर आणि जिगचा हुक दर शिफ्टला ओल्या ब्रशने घासा.

जिगचं पीव्हीसी कोटिंग फाटलंय का तेही बघा. फाटलेल्या खिशात निकेलचं पाणी भरतं आणि क्रोममध्ये रिकामं होतं. त्याचा हिशेब पुढे आहे.

रेक्टिफायरचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेला एसीचा चढउतार, ५ टक्क्यांच्या आत हवा. लोड चालू असताना आउटपुटवर मल्टीमीटरने आधी डीसी व्होल्ट बघा, मग एसी व्होल्ट. एसीला डीसीने भागून शंभरने गुणा. ५ व्होल्ट डीसीवर ०.२ एसी आलं तर ४ टक्के, चालेल. ०.६ आलं तर १२ टक्के, आणि ढगाचं कारण सापडलं. बहुधा एक फेज गेलेला असतो किंवा एखादा डायोड उडालेला असतो. ॲमीटर तरीही करंट दाखवत राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही.

इथे एक बारीक गोष्ट नेहमी सुटते. थायरिस्टरचा रेक्टिफायर क्षमतेच्या फार खाली चालवला की रिपल वाढतो. उदाहरणार्थ, प्रत्येकी २.५ चौरस डेसिमीटरचे २४ नळ म्हणजे ६० चौरस डेसिमीटर, १२ ॲम्पिअरने ७२० ॲम्पिअर. हे काम ३००० ॲम्पिअरच्या मशीनवर घेतलं तर मशीन निर्दोष असूनही क्रोम दुधाळ येईल. फिल्टर बसवा किंवा छोट्या कामाला छोटा रेक्टिफायर द्या. मोठे जॉब स्वच्छ आणि छोटे ढगाळ अशी तक्रार असेल, तर आधी हेच तपासा.

आता क्रोमची टाकी

साध्या बाथमध्ये क्रोमिक ॲसिड २५० ग्रॅम प्रति लिटर, सल्फेट २.५ ग्रॅम, म्हणजे शंभराला एक. तापमान ३८ ते ४५ अंश, करंट १० ते २० ॲम्पिअर प्रति चौरस डेसिमीटर. तापमान आणि करंट ही जोडी आहे, एकट्याने हलवायची नाही. टाकी ४८ वर गेली आणि करंट तोच राहिला, तर दुधाळ क्रोम आणि खोलगट भाग उघडे. टाकी ३५ वर उतरली तर कडा जळतात. सकाळच्या पहिल्या दोन जिगवरच दोष येत असेल, तर थर्मामीटर टाकीच्या वर, मध्ये आणि तळाशी बुडवून बघा. हीटरजवळचं सोल्युशन गरम आणि तळ थंड असतो. हवा सोडून ढवळा, मगच काम चालू करा.

सल्फेट जास्त झालं की क्रोम खोलात पोचत नाही. कमी झालं की पिवळे-तपकिरी आणि इंद्रधनुषी डाग पडतात. सल्फेट उतरवायला बेरियम कार्बोनेट, १ ग्रॅम सल्फेटला सुमारे २ ग्रॅम. पाण्यात कालवून थोडं थोडं घाला, कारण फेस उसळतो. आणि नीट हाताळा, ते विषारी आहे. सल्फेट वाढवायचं असेल तर मोजून सल्फ्युरिक. ९८ टक्क्यांच्या ॲसिडच्या १ मिलिलिटरमध्ये जवळपास १.८ ग्रॅम ॲसिड येतं, म्हणून १००० लिटरच्या टाकीत ०.१ ग्रॅम प्रति लिटर वाढवायला ५५-५६ मिलिलिटर पुरे. अंदाजाने मगभर ओतलं तर पुढचे दोन दिवस बेरियम घालत बसावं लागतं.

ॲनोडचा रंग रोज बघायची सवय लावा. शिसं-कथिलाचा ॲनोड चॉकलेटी असला पाहिजे, तो रंग लेड पेरॉक्साइडचा आणि तेच ट्रायव्हॅलंट क्रोमचं (काम चालताना हेक्झापासून बनणाऱ्या रूपाचं) पुन्हा हेक्झात रूपांतर करतं. पिवळा-नारिंगी थर म्हणजे लेड क्रोमेट, तो करंट अडवतो. मग त्या बाजूचे जॉब कमी करंट घेतात, ट्रायव्हॅलंट साठत जातं, सोल्युशन गडद होतं आणि त्याच ॲम्पिअरला व्होल्टेज वाढतं. ॲनोड बाहेर काढून ओलेच घासा. कोरडे घासले तर शिशाची आणि क्रोमेटची धूळ फुप्फुसात जाते. मग जास्त व्होल्टेजवर डमी मारून त्यांना पुन्हा चॉकलेटी करा. ट्रायव्हॅलंट ७-८ ग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेलं असेल, तर ६० अंशाच्या आसपास मोठं ॲनोड क्षेत्र आणि अगदी छोटा कॅथोड ठेवून टाकी चालवा.

क्लोराइड: दोष परत येण्याचं खरं मूळ

सगळं दुरुस्त करूनही ढग महिन्या-दीड महिन्याने परतत असेल, तर क्लोराइड मोजा. क्रोममध्ये २०-३० मिलिग्रॅम प्रति लिटरपासून ते त्रास द्यायला लागतं. क्रोम दुधाळ येतं, कव्हरेज घटतं, आणि जिथे करंट पोचत नाही तिथलं निकेल कोरलं जातं.

हिशेब मांडून पाहा. निकेल बाथमध्ये ५० ग्रॅम प्रति लिटर निकेल क्लोराइड असेल, तर त्यात क्लोराइड सुमारे १५ ग्रॅम. हजार लिटरच्या क्रोम टाकीत निकेलचं फक्त एक लिटर पाणी आलं की १५ मिलिग्रॅम प्रति लिटर चढलं. दोन लिटरला मर्यादा संपली. फाटक्या जिगचे खिसे, नळाच्या आतल्या पोकळ्या आणि एकाच रिन्स टाकीवर भागवलेलं काम, एवढ्याने दोन लिटर सहज होतात.

दुसरी वाट पाण्याची. टाकीतून रोज २० लिटर वाफ होते आणि तेवढं नळाचं पाणी भरलं जातं. त्यात १०० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोराइड असेल, तर रोज २ मिलिग्रॅम प्रति लिटर भर. थोडं क्लोराइड ॲनोडवर क्लोरिन होऊन उडतं, पण बोअरच्या खाऱ्या पाण्यापुढे ते पुरत नाही. क्रोमच्या टाकीत आणि तिच्या आधीच्या शेवटच्या रिन्समध्ये फक्त डीएम (क्षार काढलेलं) पाणी. हा खर्च वाचवू नका.

आलेलं क्लोराइड काढणं महाग पडतं. सिल्व्हर ऑक्साइडने ते गाळ होऊन तळाशी बसतं, पण १००० लिटरमधले ३० मिलिग्रॅम प्रति लिटर काढायला जवळपास १०० ग्रॅम सिल्व्हर ऑक्साइड लागतं. टाकी गरम करून डमी मारली तर क्लोरिन निघतो, आणि त्यासाठी एक्झॉस्ट पूर्ण चालू हवा. म्हणून आधीच अडवा: निकेलनंतर ड्रॅग-आउट टाकी (जॉबला चिकटून आलेलं सोल्युशन उतरवणारी), मग उलट्या प्रवाहाची दोन पाणी, मग ॲक्टिव्हेशन, पाणी, प्री-डिप.

फिनिश बदललं की ढगाचा अर्थ बदलतो

वरचं सगळं ब्राइट क्रोमसाठी, म्हणजे नळ, मोटरसायकलचे हँडल, फर्निचरचे पाइप, बसमधले धरायचे दांडे. इतर फिनिशमध्ये तोच डाग वेगळं सांगतो.

सॅटिन क्रोम दाराच्या हँडलांवर, गाडीच्या डॅशबोर्डवर आणि जिथे चकाकी डोळ्यात जायला नको अशा वैद्यकीय उपकरणांवर लागतं. त्याचा मंदपणा क्रोमचा नसून निकेलचा असतो. तो इमल्शन घातलेल्या निकेलमधून येतो किंवा ब्रशने ओढलेल्या रेषांमधून. इमल्शनचे थेंब वेळेसोबत मोठे होतात, मग फिनिश भरड आणि ठिपकेदार दिसतं. तेव्हा क्रोमला हात न लावता निकेल कार्बनवरून गाळून ॲडिटिव्ह नव्याने घाला.

ब्लॅक क्रोम सौर उष्णता शोषणाऱ्या पत्र्यांवर, कॅमेऱ्याच्या आणि ऑप्टिकल भागांवर आणि आता बाथरूम फिटिंगवर चालतं. या बाथला सल्फेट मुळीच चालत नाही. ब्राइट क्रोमचा जिग न धुता तिथे नेला की काळ्याऐवजी करडं येतं. बेरियम कार्बोनेटने सल्फेट काढा, आणि चिलर हवाच, कारण हा बाथ थंड ठेवावा लागतो आणि मोठ्या करंटने तो झपाट्याने तापतो.

ट्रायव्हॅलंट क्रोम, म्हणजे हेक्झाऐवजी ट्रायव्हॅलंट क्षारांचा बाथ, वाहन उद्योगाच्या एबीएस (प्लॅस्टिक) भागांवर वाढतंय. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक ॲसिड परवानगीशिवाय वापरता येत नाही. कॅलिफोर्नियातही सजावटीचं हेक्झा बंद करण्याचा टप्पा १ जानेवारी २०२७ पासून सुरू होतो. त्यामुळे निर्यातीचं काम घेणाऱ्यांना हा बाथ शिकणं भाग आहे. करंट तुटल्याने इथे ढग येत नाही आणि कडाही सहसा जळत नाहीत. पण तांबं, जस्त, निकेल, लोखंड आणि शिसं यांची थोडी भेसळसुद्धा काळ्या रेघा किंवा पांढरे डाग पाडते. आयन एक्स्चेंज रेझिन लावा. हेक्झाचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका, जिग पूर्ण वेगळे ठेवा. आणि लोखंडी पाइपच्या आत, जिथे क्रोम पोचत नाही, तिथे गंज लवकर धरतो. हेक्झा तो उघडा भाग पॅसिव्ह करून ठेवत होतं, ट्राय ते करत नाही. शेवटी वेगळी पॅसिव्हेशन डिप द्यावी लागते.

खराब झालेले जॉब परत करताना

रीवर्कचे जॉब दुसऱ्यांदाही ढगाळ येतात, ते बहुतेक स्ट्रिपिंगमुळे. कॉस्टिक सोड्याच्या ४५ ते ६० ग्रॅम प्रति लिटर द्रावणात ॲनोड करून क्रोम उतरवलं की खालचं निकेल हमखास पॅसिव्ह होतं. तसाच धुऊन पुन्हा क्रोमला टाकला तर ढग ठरलेलाच. स्ट्रिपनंतर कॅथोडिक ॲसिड ॲक्टिव्हेशन घ्या, तरच तो परत जाऊ शकतो. पितळी जॉबचं क्रोम सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिकमध्येही उतरतं आणि निकेल बऱ्यापैकी ॲक्टिव्ह राहतं, पण नळाच्या पोकळीत अडकलेलं ॲसिड क्रोमच्या टाकीत क्लोराइड घेऊन जातं. आतून पाण्याचा जोरदार फवारा मारून, उलटा करून, निथळून मगच पुढे न्या. झिंक डायकास्टिंगला हायड्रोक्लोरिक लावू नका. निकेलला एखादं छिद्र असलं तरी ते आतलं जस्त खातं आणि फोड येतो.

कॉस्टिकच्या स्ट्रिप टाकीत उतरलेलं क्रोम हेक्झाव्हॅलंट स्वरूपातच असतं. ती टाकी रिकामी करताना तिचं पाणी अल्कलीच्या लाइनला सोडू नका. ते क्रोमच्या लाइनला घ्या, पीएच २ ते २.५ वर सोडियम मेटाबायसल्फाइटने पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत रिड्यूस करा, आणि मग चुन्याने ८ ते ९ वर नेऊन हिरवट गाळ बसवा.